डाव्या बटणातली मेख

आबा, उद्या सकाळी दहाला मला कंपनीच्या ऑफिसात एका कागदावर सही करायची आहे, आणि मला लई भ्या वाटतंय. हे आधीच सांगून टाकतो, कारण मी बोलायला लागलो की कुठल्या कुठं जातो हे तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच म्हणायचा, ह्याला पाणी आणायला धाडलं तर हे विहिरीतलं कासव बघत बसतंय. आज सुट्टी आहे. सकाळी मी सिल्लोडला जायचं ठरवून स्टँडवर गेलो. सिल्लोडची गाडी लागलेली होती, पायरीवर एक पाय ठेवला सुद्धा, आणि मग तो पाय काढून पलीकडच्या खुलताबादच्या गाडीत जाऊन बसलो. कंडक्टरनं विचारलं कुठं, तर खुलताबाद म्हणालो, जसं काही माझी इथं कुणी वाट बघत होतं. आता उतारावरच्या त्या चिंचेखाली बसलोय, जिथं आपली मेंढरं दुपारची बसायची. खाली सडक दिसते, गाड्या येताजाताना दिसतात. हे ज्यावर लिहितोय ते कागद म्हणाल तर कंपनीतले जुने प्रोडक्शनचे आहेत. एका बाजूला किती पीस झाले ते लिहिलेलं असतं, पाठ कोरी असते.

इथं आता तारेचं कुंपण झालंय. एक म्हातारी सीताफळाची पाटी घेऊन बसली होती, तिनं विचारलं, "कुणाचा रं तू?" मी म्हणालो, "मेंढरंवाल्याचा. पिशोरकडचे आम्ही. इथं यायचो चारायला." ती म्हणाली, "लई वर्सं झाली मेंढरं येत नाय इकडं. बाप काय करतो?" मी म्हणालो, बाप गेला. मग तिनं एक फुटलेलं सीताफळ माझ्या हातावर ठेवलं. मी ते खाल्लं आणि बिया एकेक करून लांब थुंकत बसलो, लहानपणी करायचो तसं. बघा, पुन्हा भरकटलो. पैठणच्या अंगाला तुम्ही तापानं गेलात तेव्हा मी धाब्यावर भांडी घासत होतो. मला तिसऱ्या दिवशी कळलं. ते बोलायचं होतं कधीतरी, पण आज ते नको. आज दुसरंच आहे.

तुमच्यानंतर मी एका जागी राहिलो नाही. शाळा नववीतच सुटली होती. धाबा, मग जिनिंग, मग एका बोअरच्या गाडीवर, मग मंडप बांधायला. माय म्हणते, ह्याच्या पायाला भोवरा आहे. शेवटी ठेकेदाराच्या टेम्पोत बसून वाळूजला आलो आणि एका प्रेस शॉपला लागलो. प्रेस म्हणजे काय ते तुम्ही बघितलेलं नाही. माणसाच्या दीडपट उंच मशीन असतं. खाली पत्रा ठेवायचा, वरून लोखंडाचा ठोकळा येतो आणि पत्र्याचं ब्रॅकेट होतं, मोटारसायकलीला लागतं ते. ठोकळा येतो तेव्हा पायाखालची फरशी हलते. पहिला आठवडा मला जेवताना सुद्धा ताट हलल्यासारखं वाटायचं. मशीनला दोन बटणं असतात, एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय ठोकळा खाली येत नाही. मला वाटायचं मशीन जड आहे म्हणून दोन. मग चाचांनी सांगितलं, "अरे येडे, मशीन के लिए नहीं, तेरे लिए हैं दो. दोनों हाथ बटन पे, तो अंदर कौनसा हाथ जाएगा?"

हे चाचा सिल्लोडचे. अकरा वर्षं झाली त्यांना त्याच कंपनीत, पण ठेक्यावरच. दर सहा महिन्यांनी त्यांना काढल्याचं दाखवायचे आणि पुन्हा नवीन म्हणून घ्यायचे. कार्ड नवीन, फोटो तोच पहिला. फोटोतले चाचा काळ्या दाढीचे आणि हसरे, आणि कार्ड गळ्यात घालणारे पांढरे. फोटोवर बोट ठेवून म्हणायचे, "इसको परमनंट कर दो, ये जवान है, मैं घर जाता." मला ते मुसाफिर म्हणायचे. रोज सकाळी गेटवर विचारायचे, "काय मुसाफिर, आज किधर भागनेका इरादा?" मी म्हणायचो, "आज नाही चाचा, आज जेवणात भजी आहे." त्यांच्या डब्यात मक्याची भाकर आणि लाल ठेचा असायचा. तो ठेचा खाऊन माझ्या डोळ्यात पाणी आलं की म्हणायचे, "रो मत, साहेब समझेंगे काम से रो रहा."

साहेब म्हणजे आमचे सुपरवायझर. वाईट माणूस म्हणावा तर तसंही नाही, त्यांच्या कानाला सदा फोन आणि फोनमधून त्यांनाच शिव्या. पण त्या शिव्या ते खाली उतरवायचे. पीस कमी पडले की सगळ्यांच्या पुढं उभं करायचे. "हात आहेत का लाकडं? जमत नसंल तर गेट लई मोठं आहे, बाहेर दोनशे जण उभे आहेत." लघवीला जायचं तर एक लाल पाटी गळ्यात अडकवून जायचं. पूर्ण लाईनीत पाटी एकच, एक परत आला की दुसऱ्यानं जायचं. पहिल्या दिवशी मला तुमचा तो पुढचा एडका आठवला, गळ्यात घंटा बांधलेला. पण एडक्याला आपण मान म्हणून बांधायचो. इथं एक मोठ्या वयाचा माणूस पाटी घालून चालताना खाली बघत चालतो. आम्ही आपसात बोलायचो, चहाच्या टपरीवर लई बोलायचो, साहेबांची नक्कल करायचो, हसायचो. आत गेलो की गप. भुंकणारं कुत्रं बाहेरच राहायचं.

आता मेखेचं सांगतो.

दोन्ही हात बटणावर ठेवले की वेळ जातो. पत्रा ठेवा, दोन्ही हात मागं, दाबा, पीस काढा, पुन्हा. म्हणून साहेबांनी डावं बटण दाबून ठेवायला सांगितलं. बटणाभोवती लोखंडाचं कडं असतं, त्या कड्यात काहीतरी कोंबलं की बटण आत दबलेलंच राहतं. मग उजव्या हातानं एकच बटण दाबायचं आणि डावा हात मोकळा, पीस काढायला. नव्या मशीनला असली युक्ती चालत नाही म्हणतात, आमची जुनी होती. कुणी पुठ्ठा कोंबायचं, कुणी चपलेच्या टाचेचा तुकडा. ते हादऱ्यानं निसटायचं आणि मशीन थांबायचं, मग साहेब ओरडायचे. एका दिवशी माझ्याच मशीनचा पुठ्ठा चार वेळा निसटला. साहेब म्हणाले, "ए मेंढपाळ, मेंढरं तरी सरळ हाकत होता का?" सगळे हसले. चाचा हसले नाहीत. मला एवढी लाज वाटली की दुसऱ्या दिवशी मी बाभळीचं लाकूड आणलं आणि जेवणाच्या सुट्टीत तुमच्या चाकूनं मेख तासली.

तुमचा चाकू माझ्याकडंच आहे. पिशोरच्या बाजारात लोहाराकडून ट्रकच्या कमानपाट्याचा करून घेतला होता तो. मी हात पुढं केला तर तुम्ही दिला नाही. जमिनीवर ठेवला आणि म्हणालात, "चाकू कुणाच्या हातातून घ्यायचा नाय. खाली ठेवलेला आपण उचलायचा. मंग त्यानं जे होईल ते आपलं." मी दहा-अकरा वर्षांचा असेन. मला वाटलं काहीतरी जुनी चाल आहे. त्याच पावसाळ्यात तुम्ही मला मेखा करायला शिकवलं, वाघरीच्या. मेंढरांभोवती ती जाळी ताणायची तर मेख अशी पाहिजे की ओढ बसली की जास्त घट्ट बसावी. मान बारीक, डोकं जाड, आणि मानेला तिरकी खाच. माझी पहिली मेख तुम्ही हातात घेतली, अंगठा फिरवला आणि फेकून दिली. दुसरी पण. सातवी ठेवून घेतलीत. वाघरीच्या कोपऱ्याला ठोकलीत. कोपऱ्याला सगळ्यात चांगली मेख लागते हे मला माहीत होतं. त्या दिवशी मी जेवलो नाही एवढा खूश होतो.

तसलीच मेख मी त्या बटणाला केली. तीच बारीक मान, तीच तिरकी खाच. हादरा बसला की सुटायच्या ऐवजी आणखी घट्ट बसायची. साहेबांनी बोटानं हलवून बघितली, हलली नाही. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "वा रे पठ्ठ्या! अजून आठ कर." आबा, मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू. तुम्ही गेल्यापासून माझ्या हाताच्या कामाला कुणी वा म्हणालं नव्हतं. मी आठ केल्या, एकीपेक्षा एक चांगली. साहेबांनी मला मशीनवरून काढून पीस वाहायच्या कामाला लावलं, हलकं काम, बसायला मिळायचं. आणि माझ्या मशीनवर चाचांना आणलं.

चाचांनी पहिल्या दिवशी मेख बघितली. मला म्हणाले, "तूने बनाया?" मी हौ म्हणालो, त्यांच्यासारखंच. त्यांनी मेखेवरून अंगठा फिरवला, अगदी तुमच्यासारखा. म्हणाले, "हाथ अच्छा है तेरा. काम गलत जगह लगा." मग त्यांनी ती काढून ठेवली आणि दोन्ही हातांनी काम सुरू केलं. तासाभरानं साहेब आले, पीस मोजले. "चाचा, वय झालं का? घरी बसायचं का?" असं सगळ्यांसमोर. चाचा पुढचा पत्रा ठेवत राहिले. साहेबांनी स्वतः मेख उचलली आणि बटणात घातली. पुढं रोज ती तिथंच राहिली.

मला मेंढरं कातरायचा तो दिवस लई आठवतो हल्ली. कातरायच्या आधी तुम्ही मेंढराचे तीन पाय बांधायचा आणि एक मोकळा ठेवायचा. मी बारका होतो, मला घाई. तुम्ही पाणी प्यायला गेलात तेवढ्यात मी एका जवान मेंढीचे चारी पाय एकदम आवळले, म्हटलं हलणारच नाही, झटकन होईल. आणि कातर लावली. ती अशी उसळली की कातर तिच्या पोटाच्या कातड्यात गेली. तुम्ही आलात. मला वाटलं मारणार. मारलं नाही. हळद आणायला लावली, आणि तिच्या जखमेवर माझा हात ठेवून मला तिथं दिवस मावळेपर्यंत बसवलं. तिचं पोट माझ्या हाताखाली धडधडत होतं. तुम्ही दुसरी मेंढरं कातरत होता, माझ्याकडं न बघता म्हणालात, "बांधायचं तर तिच्या जिवासाठी बांध. तुज्या सोयीसाठी नको बांधू." एवढंच. मला तेव्हा कळलं नव्हतं, एक पाय मोकळा असला की तिला जीव मोकळा वाटतो म्हणून ती उसळत नाही. मशीनचं उलटं आहे. मशीनपुढं दोन्ही हात बांधलेले पाहिजेत, तरच माणूस वाचतो. आणि मी मेख करून एक हात मोकळा केला. सोयीसाठी. कुणाच्या सोयीसाठी तेही मला माहीत होतं.

आज बारा दिवस झाले. जेवणाच्या सुट्टीला दहा मिनिटं असतील. मी पलीकडं क्रेट उचलत होतो. प्रेसचा आवाज मला पाठ झालाय, झोपेत सुद्धा सांगेन कुठलं मशीन. त्या आवाजात एक आवाज वेगळा आला, जरा मऊ. मी वळलो. चाचा ओरडले नाहीत. ते उभे होते आणि आपल्या डाव्या हाताकडं असं बघत होते जसं दुसऱ्या कुणाचा आहे. म्हणाले, "देख तो, क्या हुआ रे." तीन बोटं नव्हती. मी पळालो. कुणीतरी फडकं आणलं, कुणीतरी गाडी गाडी ओरडलं. साहेब आले, त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, हे मी बघितलं. पण त्यांच्या तोंडातून पहिला शब्द काय निघाला माहीत आहे? "बाकीच्या लाईनी थांबवू नका." आणि आबा, कुणी थांबवल्या नाहीत. सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि बटणं दाबत राहिले. तुम्ही सांगायचा, लांडगा आला की कुत्रं भुंकतं पण वाघरीतली मेंढरं आवाज करत नाहीत, एकमेकांच्या पोटाखाली डोकं घालतात. मी तसंच बघितलं. सगळी मशीनं ठोकत होती आणि तरी मला वाटत होतं की एकदम शांत झालंय.

दुपारनंतर साहेबांनी सगळ्या मशीनच्या मेखा गोळा केल्या आणि टपरीवाल्याच्या शेगडीत घातल्या. चहावाला म्हणाला, "साहेब, लाकूड चांगलंय हो, बाभूळ का?" साहेबांनी शेवटची मेख आत ढकलली. मला बाजूला घेऊन म्हणाले, "नऊ होत्या ना? आठच सापडल्या. एक कुठंय?" मी म्हणालो, "स्क्रॅपमध्ये गेली असंल." ते माझ्याकडं बघत राहिले. नंतर रोज एकदा विचारतात, सहज विचारल्यासारखं. "सापडली का रे?" त्यांचा आवाज आला की मी क्रेटच्या मागं जातो.

चौथ्या दिवशी मला ऑफिसात नेलं. तिथं थंड असतं. मोठे साहेब खुर्चीत होते, आमचे साहेब त्यांच्यापुढं आपल्यासारखेच उभे. मला कागद दिला, वाच आणि सही कर म्हणाले. मी बोट ठेवून वाचलं. मशीन सुस्थितीत होते. दोन्ही बटणे मोकळी होती. कामगाराने स्वतःच्या निष्काळजीपणाने हात आत घातला. खाली लिहिलेलं, प्रत्यक्ष पाहणारा, आणि माझं नाव. म्हणजे मी सही केली की चाचांची बोटं चाचांनीच तोडली असं होणार, आणि त्यांना कंपनीकडून काही मिळणार नाही, परत कामावर पण घेणार नाहीत. मी म्हणालो, माझं डोकं दुखतंय. मोठे साहेब हसले. "घे की वेळ. तुझ्यासारख्या पोराला आम्ही ठेक्यावर किती दिवस ठेवणार? कंपनीत घेऊ." बाहेर आल्यावर आमचे साहेब हळूच म्हणाले, "आणि मेखेचं काही बोललास, तर मेखा कुणी बनवल्या हे पण लोक विचारतील बरं का. आम्ही काय लेखी सांगितलं होतं? माय गावाकडंच असते ना तुझी?" असं म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या दिवसापासून मी उठल्या उठल्या आधी माझी बोटं बघतो. झोपताना डावा हात काखेत धरून झोपतो. फोन वाजला की उचलत नाही, मायचा असला तरी. रस्त्यानं कंपनीचा कुणी दिसला की गल्ली बदलतो. पळून जावं म्हटलं तर पळायला मला काय लागतं, एक पिशवी. पण या वेळी पाय उचलत नाहीत.

कारण मी दवाखान्यात गेलो होतो. चाचा खाटेवर बसले होते, हाताला हे एवढं बांधलेलं. मला बघून हसले. "आ गया मुसाफिर? मेरेकू लगा भाग गया." चाची बाजूला होत्या, त्यांनी मला केळ दिलं. जरा वेळानं चाचा म्हणाले, "एक बात बता. वो लकडी लगी थी ना बटन में?" मी केळ सोलत होतो. ते म्हणाले, "साहेब आए थे. बोले, बटन खुला था, सब लोगां ने देखा. मैं बोला लकडी थी. वो बोले, चाचा, दवा का असर है. अब मेरेकूच समझ नहीं आ रहा. ग्यारह साल में कभी हाथ अंदर नहीं डाला मैंने. कायकू डालूंगा? पर सब बोलते तो... शायद मेरीच गलती." चाची म्हणाल्या, "रात को भी यहीच पूछते रहते. लगी थी क्या, लगी थी क्या." चाचा माझ्याकडं बघत होते. "तू तो उधरीच था. तेरेकू याद होगा." आबा, मी केळाचा तुकडा तोंडात घातला. म्हणालो, "चाचा, गडबडीत नीट नाही दिसलं." ते म्हणाले, "हौ, हौ. गडबड थी." आणि त्यांनीच मला समजावल्यासारखी मान हलवली. आता ते सिल्लोडला घरी गेलेत. तिथंही तेच विचारत असतील.

आता ती नववी मेख. ती माझ्या खिशात आहे. बारा दिवस कंपनीच्या पँटीतून ह्या पँटीत आणि ह्या पँटीतून त्या पँटीत करतोय. टाकून द्यायला तीन वेळा नाल्यापर्यंत गेलो. आज इथं येऊन बाहेर काढली. मानेपाशी एक डाग आहे, तेलाचा असेल, मला बघवत नाही. पण खाच अजून तशीच आहे, तुम्ही शिकवली तशी. तुम्ही हातात घेतली असती तर फेकली नसती. कोपऱ्याला लावली असती.

तुम्ही विचाराल, सगळ्या मेखा साहेबांनी गोळा केल्या तर ही तुझ्या खिशात कशी. हेच मी पहिल्या ओळीपासून टाळतोय. सीताफळाचं सांगितलं, चाकूचं सांगितलं, त्या मेंढीचं सांगितलं. चाचांनी "देख तो, क्या हुआ रे" म्हटलं आणि मी पळालो, ते खरं. पण मी आधी त्यांच्याकडं गेलो नाही. आधी मी बटणाकडं गेलो. चाचा एका हातानं दुसरा हात धरून उभे होते आणि मी त्यांच्या काखेखालून हात घालून मेख ओढत होतो. घट्ट बसली होती, माझीच होती ना, दोन झटके द्यावे लागले. काढून खिशात घातली आणि मग त्यांचा हात धरला. मला कुणी सांगितलं नव्हतं काढायला. साहेब तोपर्यंत आले पण नव्हते. फक्त एवढंच मनात होतं की कुणीही बघितली तर ओळखेल, ही त्या मेंढपाळाच्या हातची. बटण मोकळं होतं असं ते कागदावर लिहितात, ते मीच मोकळं केलं. चाचांना जे आठवत नाहीसं झालंय ते औषधानं नाही, माझ्यामुळं.

आता लिहून झालं. सिल्लोडला जाऊन चाचांना हेच सांगायचं होतं, आणि उद्या दहा वाजता त्या थंड खोलीत मेख टेबलावर ठेवून पण हेच. तिकडं तोंड फुटेना म्हणून इकडं आलो. तुमच्यापुढं बोलून बघावं म्हटलं, तुम्ही ओरडणार नाही. गेलात म्हणून नाही, असतात तरी ओरडला नसता, हळद आणायला लावली असती. हा कागद कुठं पाठवायचा नाही. मेख गुंडाळायला होईल.

लिहिता लिहिता खाली शहराकडं जाणारी एक गाडी येऊन गेली. तिनं वेळेत पोहोचलो असतो, पुढची सिल्लोडची आरामात मिळाली असती. लिहीत होतो म्हणून चुकली असं म्हणणार होतो. पण मी तिला वळणावरूनच बघितलं होतं. पेन खाली ठेवलं होतं, पिशवी खांद्याला होती, आणि उठलो नाही. पुढची पाऊण तासानं आहे. मेख मी समोर मातीत ठेवली आहे, खिशात नाही. म्हणजे निघताना ती मलाच उचलावी लागेल.